चला, गेम बनवू या! (भाग ५) : पेटी पलीकडे

मागच्या भागात पायगेमच्या मदतीने पडद्यावर एक चौकोन काढला आणि बाणाच्या कळांनी तो हलवला. आज त्याला काम देऊ. हापूसच्या हंगामात देवगड-रत्नागिरीकडून पेट्या भरून निघालेल्या गाड्या नवी मुंबईच्या एपीएमसीतल्या फळ मार्केटात येतात. तिथल्या गर्दीतून माथाडी कामगार डोक्यावर ओझं घेऊन वाट काढतो. आपला चौकोन म्हणजे हा माथाडी. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांमधून पेटी पलीकडच्या गाळ्यावर पोचवायची, एवढाच खेळ.

जुने आर्केड गेम खेळलेल्यांना ‘फ्रॉगर’ आठवेल. जपानच्या कोनामीने तो १९८१ साली आणला. त्यात बेडूक आधी गाड्यांनी भरलेला रस्ता ओलांडतो, मग नदी. नवशिक्यांसाठी याहून चांगला नमुना मला दिसत नाही, कारण समोरच्या गाड्यांना अक्कल द्यावी लागत नाही. त्या सरळ रेषेत जात राहतात आणि सगळा कस खेळणाऱ्याच्या वेळ साधण्यात लागतो. नदी आपण सोडून देऊ.

प्रत्येक ट्रकसाठी तीन आकडे पुरतात: जागा, लांबी आणि वेग. दर फेरीला जागेत थोडी भर घालायची की ट्रक उजवीकडे सरकला. मार्केटात ट्रक रिव्हर्सही घेतात, त्यासाठी वेग ऋण करा. उजवीकडे जाणारा ट्रक पडद्याबाहेर गेला की त्याची जागा शून्य करू नका, नाहीतर तो डाव्या कडेला अख्खाच्या अख्खा अवतरेल. जागा उणे लांबी ठेवली की आधी तोंड दिसतं, मग हौदा.

वेग सेकंदाच्या हिशेबात ठेवा, म्हणजे जुन्या आणि नव्या कॉम्प्युटरवर ट्रक सारखेच धावतील. समजा वेग सेकंदाला १०० पिक्सेल आहे आणि खेळ सेकंदाला ६० फेऱ्या मारतो. मग दर फेरीला भर पडते साधारण १.७ पिक्सेलची. इथे बहुतेकांची गाडी अडते. पायगेमचा नेहमीचा आयत, म्हणजे रेक्ट, फक्त पूर्णांक ठेवतो आणि अपूर्णांक टाकून देतो. १०० वर उभा असलेला ट्रक १०१.७ वर जायला हवा, तो १०१ वर थांबतो. उलट दिशेचा ९८.३ वर हवा, तो थेट ९८ वर जातो. परिणामी रिव्हर्स येणारा ट्रक सरळ जाणाऱ्याच्या दुप्पट वेगाने पळतो आणि आपण चूक भलतीकडेच शोधत बसतो. उपाय सोपा: खरी जागा वेगळ्या दशांश संख्येत जपा आणि रेक्टला ती फक्त चित्र काढण्यापुरती आणि टक्कर तपासण्यापुरती द्या.

आता टक्कर. माथाडी आणि ट्रक हे दोन आयत. एकाची डावी कड दुसऱ्याच्या उजव्या कडेच्या अलीकडे आहे का, हे दोन्ही बाजूंनी पाहायचं आणि वर-खालच्या कडांसाठीही तेच करायचं. चारही उत्तरं ‘हो’ आली तर धडक. पायगेममध्ये हे काम कोलाइडरेक्ट करतो. पण तपासणीआधी माथाड्याचा आयत चारही बाजूंनी चार-चार पिक्सेलने आत घ्या. चित्राचे कोपरे बहुधा रिकामे असतात. ट्रक लांबून गेला असं दिसत असताना बाद ठरवलं, तर खेळणारा चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त आहे.

धडक झाल्यावर काय? माझा आग्रह आहे की माणूस मरू नये. अण्णासाहेब पाटलांनी या कष्टकऱ्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्या माणसाला गंमत म्हणून चिरडणारा खेळ आपण लिहायचा नाही. पेटी खाली पडेल, आंबे घरंगळतील आणि तो पुन्हा सुरुवातीच्या गाळ्यावर उभा राहील.

या आठवड्यात तीन लेन लिहा आणि मधल्या लेनमधला ट्रक रिव्हर्स ठेवा. पुढच्या भागात पेट्यांची मोजणी आणि घड्याळ जोडू.