बाबांचा पीसी उठायला ४ मिनिटं का घ्यायचा?

गेल्या महिन्यात घरी गेलो, तर बाबा नवीन कॉम्प्युटर घ्यायला निघालेले. जुना चालू व्हायला ४ मिनिटं लागतात म्हणे. बटण दाबायचं आणि चहा टाकायचा! म्हटलं, पैसे घालवायच्या आधी मला एकदा बघू द्या.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात 'स्टार्टअप' बघा. पीसीबरोबर आपोआप उठणारी बरीचशी प्रोग्राम्स तिथे दिसतात. बाबांकडे ११ होती! त्यातला प्रिंटर तर कधीच भंगारात गेलाय. नको त्यावर राइट क्लिक, डिसेबल. ॲप उडत नाही, फक्त आपणहून सुरू होत नाही. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका हं.

एवढं करून जेमतेम मिनिटभर वाचलं. कारण खरं दुखणं हार्ड डिस्कचं. तिच्यात तबकडी फिरते, आणि प्रत्येक फाइलसाठी हेडला जागा शोधत हलावं लागतं. विंडोज उठताना अशा ढीगभर छोट्या फाइली वाचते. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. आधी घरच्या फोटोंचा बॅकअप घेतला, मग जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर केली.

आता २५ सेकंद. बाबा म्हणतात, चहा कधी टाकू?