विमानाची वेळ आणि घोडेगावचा थांबा

विमानाचे तिकीट काढताना आपण दहा ठिकाणी दर पडताळून पाहतो. पण विमानतळापर्यंत जायचे कसे, याचा विचार बहुधा आदल्या रात्री सुरू होतो. नगर-छत्रपती संभाजीनगर मार्गावरील घोडेगावसारख्या गावातून निघणाऱ्यास ही दिरंगाई महागात पडू शकते. मुलगा शिक्षणासाठी परदेशी निघालेला असो वा आजारी आप्ताला भेटण्याची घाई असो, सुटलेले विमान परत येत नाही.

विमानतळ कोणता?
घोडेगावकरांना तीन विमानतळ जवळचे आहेत. छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा आणि काकडी येथील शिर्डी विमानतळ हे दोन्ही साधारण दोन तासांच्या अंतरावर आहेत. शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. मात्र या दोन्ही ठिकाणांहून मोजक्याच शहरांसाठी विमाने सुटतात. पुण्याचा लोहगाव विमानतळ सुमारे दीडशे किलोमीटर दूर असला, तरी तेथे विमानांची संख्या बरीच अधिक आहे. परदेशी जाणाऱ्या अनेकांना मुंबई गाठावीच लागते. नवी मुंबई विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाल्याने तिकिटावरील विमानतळाचे नाव व टर्मिनल नीट वाचणे आता अत्यावश्यक ठरते.

एसटी की मोटार?
राज्यातील पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर याच मार्गावर धावली. एकट्या प्रवाशासाठी आजही तीच सर्वांत स्वस्त. महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे, तर ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य आहे. पुण्याकडे जाताना शिवाजीनगरपर्यंत जाण्याचे कारण नाही. नगर रस्त्यावर विमाननगरजवळ उतरून रिक्षाने लोहगाव गाठता येते. गाडी घोडेगावला आणि विमाननगरला थांबते की नाही, हे आरक्षणापूर्वीच विचारावे. ऑनलाइन आरक्षण करताना आणखी एक दक्षता हवी. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातही घोडेगाव आहे. यादीतून नेमके नेवासे तालुक्यातील गाव निवडावे.

विमान पहाटेचे असेल, सामान जास्त असेल किंवा सोबत वृद्ध व लहान मुले असतील, तर भाड्याची मोटार सोयीची. चार जणांत खर्च विभागला, की ती फारशी महागही पडत नाही.

ठरवताना काय विचारावे?
दर प्रतिकिलोमीटर आहे की ठोक? परतीच्या रिकाम्या फेरीचे पैसे धरले आहेत का? किमान किलोमीटरची अट आहे का? टोल, वाहनतळ शुल्क, चालकाचा भत्ता व रात्रीचा आकार कोण देणार? ही उत्तरे मोबाइलवर लेखी घ्यावीत. गाडीची नंबरप्लेट पिवळी, अक्षरे काळी असावीत. विजेवरील प्रवासी गाडीची पाटी हिरवी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेतल्यास अपघातानंतर विम्याच्या भरपाईत अडचण येऊ शकते. दिवसभर गाडी चालवलेला चालकच रात्री पाठवला जाणार नाही ना, याचीही खात्री करावी. पैसे वाचवण्यापेक्षा जीव सुखरूप राहणे मोलाचे.

उलटे गणित
निघण्याची वेळ विमानाच्या वेळेपासून उलटी मोजावी. देशांतर्गत प्रवासासाठी दोन, तर परदेश प्रवासासाठी तीन तास आधी पोहोचावे. देशांतर्गत उड्डाणांचे सामान स्वीकारणारे काउंटर बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात. समजा, पुण्याहून सकाळी सहाचे विमान आहे. म्हणजे चारला लोहगाव, प्रवासाचे साडेतीन तास आणि वर एक तास राखीव. घरातून निघायचे रात्री साडेअकराला! दिवसा जायचे असेल, तर रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली येथील कोंडी गृहीत धरून राखीव वेळ वाढवावा. शनी अमावास्येला शिंगणापूरच्या गर्दीमुळे घोडेगावजवळच खोळंबा होऊ शकतो. मुंबईसाठी माळशेज घाटाचा पर्याय पावसाळ्यात दरडी व धुक्यामुळे टाळलेला बरा.

गाडी किमान दोन दिवस आधी ठरवावी. आदल्या संध्याकाळी चालकाचा क्रमांक घेऊन त्याच्याशी स्वतः बोलावे आणि पर्यायी गाडीचा एक क्रमांक जवळ ठेवावा. एवढी तयारी असली, की निरोप देणाऱ्यांचे लक्ष घड्याळाकडे नव्हे, तर जाणाऱ्याकडे राहील.