शोफारचा आवाज आणि त्याचा प्रतिध्वनी

मिश्नेच्या ‘रोश हशाना’ या भागात, तिसऱ्या अध्यायात, एक नियम आहे. कोणी खड्ड्यात, तळघरात किंवा रांजणात शोफार फुंकला आणि ऐकणाऱ्याने शोफारचा आवाज ऐकला, तर त्याचे कर्तव्य पुरे झाले. प्रतिध्वनी ऐकला, तर झाले नाही. वर्गात हे सांगितले की मुलांचा प्रश्न ठरलेला: “बाई, आवाज तो आवाज. खरा कुठला आणि प्रतिध्वनी कुठला, हे कळणार कसे?”

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आधी आवाज म्हणजे काय ते पाहू या.

कोणतीही वस्तू वेगाने थरथरली की आवाज होतो. तबल्याची पुडी, सतारीची तार, आपल्या गळ्यातले स्वरतंतू, सगळ्यांची गोष्ट एकच. या थरथरण्याला कंपन म्हणतात. एका सेकंदात जितकी कंपने, तितकी त्या आवाजाची कंपनसंख्या. ती हर्ट्झमध्ये मोजतात. कंपनसंख्या जास्त असली की स्वर उंच, कमी असली की खालचा. कंपनाचा झोका किती मोठा, यावर आवाज मोठा की बारीक ते ठरते. उंच आणि मोठा या दोन शब्दांत मुले हमखास गल्लत करतात. डासाची गुणगुण उंच असते, पण मोठी नसते. बैलाचे हंबरणे मोठे असते, पण उंच नसते.

शोफार फुंकणाऱ्याचा श्वासच आपल्या कानापर्यंत येतो, असे पुष्कळांना वाटते. तो श्वास शिंगाच्या तोंडाबाहेर थोडा गेला की विरून जातो. पुढे जातो तो तरंग. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, जिथे आपले शनवार तेली पूर्वज घाणे चालवीत, तिथल्या किनाऱ्यावर हे पाहता येते आणि इथे अश्दोदलाही. लाटा फुटतात त्याच्या पलीकडे पाण्यावर नारळाची करवंटी तरंगत असेल, तर ती जवळजवळ जागच्या जागी वर-खाली होत राहते. लाट मात्र तिच्याखालून किनाऱ्याकडे निघून जाते. हवेतही असेच घडते. फरक इतकाच, की हवेचे कण वर-खाली न होता पुढे-मागे हलतात. कुठे हवा दाटते, कुठे विरळ होते, आणि ही दाटी-विरळी पुढे सरकत कानाच्या पडद्याला धडकते. 20 अंश सेल्सिअसच्या हवेत तिचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो. उन्हाळ्यात 35 अंशांवर तो सुमारे 352 होतो. हवाच नसेल, तर ऐकू येण्यासारखे काहीच पोहोचणार नाही.

आता शिंगाकडे येऊ. नव्याचा सण जवळ आला की घरोघरी मुले शोफार तोंडाला लावतात, गाल फुगवून फुंकतात आणि नुसता फुस्स आवाज येतो. कारण शिंगात कंप पावणारे पातेच नाही. ते काम ओठांना करावे लागते. ओठ घट्ट मिटून त्यांच्या फटीतून हवा सोडली, की ते फडफडतात. एरवी ही फडफड कानाला विनोदी लागते. पण शिंगाच्या आतल्या हवेलाही आपली अशी एक लय असते. तरंग रुंद तोंडापाशी पोहोचला की सगळा बाहेर पडत नाही. काही भाग उलट फिरून ओठांकडे येतो आणि त्यांना आपल्या लयीत ओढतो. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या तरंगांचा मेळ बसला, की शिंग बोलू लागते.

ढोबळ हिशेब करून पाहा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे रुंदावत जाणाऱ्या नळीत मूळ स्वराची तरंगलांबी नळीच्या साधारण दुप्पट असते. शिंग 40 सेंटिमीटरचे असेल, तर तरंगलांबी 80 सेंटिमीटर. वेगाला तरंगलांबीने भागले, 343 भागिले 0.8, की कंपनसंख्या येते सुमारे 430. प्रत्येक शिंगाचा पोकळ भाग वेगळा, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे इकडेतिकडे होणारच. येमेनी लोक कुडू हरणाचे लांब, पिळदार शिंग वापरतात. त्याचा मूळ स्वर बराच खालचा असतो. ओठ अधिक आवळले की त्याच शिंगातून वरचा स्वर निघतो. तेकिआच्या शेवटी आवाज एकदम वर उडी घेतो, तो असा.

शोफारचा आवाज जाड असो, बारीक असो की कोरडा, सगळे आवाज चालतात, असे तालमूद सांगतो. तेकिआ, शेवारीम, तेरुआ यांतला फरक स्वराच्या उंचीचा नसून तुकड्यांचा आहे: एक लांब, तीन मध्यम, नऊ तुटक. शोफारला सप्तकात बसवण्याच्या भानगडीत आपले विद्वान पडले नाहीत, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

आता खड्डा. तरंग भिंतीवर आपटून परत येतो, तो प्रतिध्वनी. मूळ आवाज आणि परतलेला आवाज यांत साधारण एक दशांश सेकंदाचे अंतर असेल, तरच आपल्याला दोन्ही वेगळे ऐकू येतात. तेवढ्या वेळात आवाज 34 मीटर जातो. म्हणजे भिंत किमान 17 मीटर दूर हवी. खड्ड्यात भिंत दोन मीटरवर असेल, तर आवाज चार मीटरचा फेरा करून सेकंदाच्या सुमारे 85व्या हिश्श्यात परत येतो. असे अनेक फेरे एकमेकांत मिसळतात आणि नुसता घुमारा उरतो. त्याला निनाद म्हणतात. खड्ड्यात उभा असलेल्या माणसाला शिंगातून थेट निघालेला तरंग सर्वांत आधी मिळतो, घुमारा मागून येतो. काठावर उभा असलेल्याच्या वाट्याला मुख्यतः भिंतींवर आपटून वर आलेला आवाज येतो. तालमूदमध्ये रव हुना नेमके हेच म्हणतात: तो नियम खड्ड्याच्या काठावर उभे असलेल्यांसाठी आहे, खड्ड्यात असलेल्यांचे कर्तव्य पुरे होते. तरंगलांबी मोजण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते, पण कान होते.

त्याच अध्यायात आणखी एक माणूस आहे. तो सिनेगॉगच्या मागून चालला आहे, त्याला शोफार ऐकू आला. त्याने मन लावून ऐकले असेल, तर त्याचे कर्तव्य पुरे झाले. त्याला फुंकणारा दिसत नाही, तरी आवाज कसा पोहोचतो? तरंग आपल्या तरंगलांबीएवढ्या फटीतून गेला, की पलीकडे पसरतो आणि कोपऱ्याला वळसा घालतो. शोफारची 80 सेंटिमीटरची लाट दारे-खिडक्यांतून सहज वळते. प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणून दारातून आलेले ऊन सरळ रेषेतच जमिनीवर पडते.

2020 साली या मिश्नेची आठवण अनेकांना झाली असेल. रोश हशानाच्या तोंडावरच देशभर टाळेबंदी लागली. पहिला दिवस शब्बाथ असल्याने शोफार रविवारी, 20 सप्टेंबरलाच फुंकायचा होता. ठिकठिकाणी तो रस्त्यांवर, अंगणांत फुंकला गेला, आणि म्हातारी माणसे बाल्कनीत उभी राहून ऐकत होती. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाई होते, म्हणून एकाच जागेवरून सगळ्या वस्तीला ऐकू जाणे कठीण असते.

मग ध्वनिक्षेपक का नको? मायक्रोफोनमध्ये एक पातळ पडदा थरथरतो, त्याची वीज होते, आणि कर्ण्यातला दुसरा पडदा नवी कंपने निर्माण करतो. कानावर पडते ते त्या पडद्याचे कंपन, शिंगाचे नव्हे. म्हणून बहुतेक रब्बी हे ऐकणे धरत नाहीत. कानात लावायचे श्रवणयंत्रही आतून असेच असते. ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांनी सणाच्या आधीच आपल्या रब्बींना विचारावे. शक्य झाल्यास जागा फुंकणाऱ्याच्या जवळची घ्यावी.

जवळ बसल्याने खरोखर उपयोग होतो. तरुण कानाला सुमारे 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येते. वय वाढते तसे आधी वरचे, उंच स्वर जातात. शोफारचा मूळ स्वर बराच खाली, म्हणून पुष्कळ आजी-आजोबांना तो अजून नीट ऐकू येतो. स, श, फ ही अक्षरे मात्र उंच कंपनांची आणि क्षीण. ती आधी हरवतात. म्हणून आजीला ‘साखर’ आणि ‘खापर’ यांत घोटाळा होतो आणि नातवंडे ओरडू लागतात. ओरडल्याने आवाज मोठा होतो, पण हरवलेले अक्षर त्याने नीट उमटत नाही. आजीच्या समोर बसा, टीव्ही बंद करा, एकेक शब्द सावकाश सोडा, आणि उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, म्हणजे तिला ओठ दिसतील.