पंधरा शब्दांची बोली

सेनगावला लग्नाच्या मांडवात पोरांचा मेंढीकोट रंगला होता. एकानं भिडूला डोळा मारला, दुसऱ्यानं कान खाजवला. पुण्यात स्थायिक झालेले आमचे एक निवृत्त अभियंता काका म्हणाले, “पत्त्यांच्या ब्रिजमध्ये हे चालत नाही. भिडूशी बोलायला पंधराच शब्द मिळतात.” ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून पुण्यातल्या एका स्पर्धेत काकांच्या मागं खुर्ची टाकून बसलो.

हॉलमध्ये शेकडो पानं सरकत होती आणि माणसं गप्प होती. बोलीसुद्धा तोंडानं नाही. प्रत्येकाजवळच्या पेटीतून छापील कार्ड काढून टेबलावर मांडायचं. एक ते सात आकडे, चार रंग, बिनहुकमी, पास, डबल, रिडबल. झाले पंधरा. एवढ्यात आपली तेरा पानं समोरच्याला सांगायची. एक्क्याचे 4 पॉइंट, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1; अख्ख्या कॅटचे 40. दोघांत मिळून 25 च्या आसपास असले, तर दहा हात करण्याचा विडा उचलता येतो.

भिडूनं ‘एक बिनहुकमी’ उघडली, म्हणजे 15 ते 17 पॉइंट. काकांनी ‘दोन किलवर’ ठेवले. त्यांच्याकडं किलवरची दोनच फुटकळ पानं होती! प्रतिस्पर्धी बाईंनी काकांच्या भिडूला अर्थ विचारला. “चार पानी इस्पिक किंवा बदाम आहे का, असं विचारलंय,” त्यानं सरळ सांगून टाकलं. हा स्टेमन संकेत. भिडूनं ‘दोन इस्पिक’ दाखवले, काका ‘चार इस्पिक’वर, म्हणजे दहा हातांच्या विड्यावर गेले.

मी चकित झालो. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतो, शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. इथं रुमालच नाही. आपल्या बोलीचा जो अर्थ भिडूला ठाऊक, तो समोरच्यांनाही मिळालाच पाहिजे, असा नियम आहे.

पण मला राहून राहून आठवतो तो पुढचा डाव. काकांनी ‘एक इस्पिक’ उघडला, डावीकडून ‘तीन बदाम’ आले. अशा पायरी गाळून मारलेल्या उडीनंतर दहाएक सेकंद थांबायची रीत आहे. भिडू त्याहून कितीतरी जास्त थांबला आणि मग त्यानं पासचं कार्ड ठेवलं. त्याच्याकडं काहीतरी आहे, हे मलासुद्धा कळलं. उजवीकडून पास. काकांनी आपली पानं पुन्हा पाहिली: 13 पॉइंट, पाच इस्पिक. पास. नंतर पानं उघडली, तेव्हा दिसलं की ‘तीन इस्पिक’ झाले असते. काका म्हणाले, “ते मला त्याच्या बोलीनं सांगितलं नव्हतं, थांबण्यानं सांगितलं होतं. थांबणं त्या पंधरात येत नाही.”

हा कस सगळ्यांनाच पेलत नाही. 1975 च्या बर्म्युडा बाउल या जागतिक स्पर्धेत टेबलाखालच्या पायांच्या हालचालींवरून इटलीच्या एका जोडीला ताकीद मिळाली. भिडूंच्या मध्ये पडदा होताच. मग टेबलाखालीही आडोसा आला. पण काकांच्या टेबलावर पडदा नव्हता. त्यांनी पास केलं, तेव्हा त्यांना अडवणारं दुसरं कुणी नव्हतं.

आपल्याकडं पत्ते म्हटलं की जुगार आठवतो. ब्रिजमध्ये पैसा लागत नाही, नशिबाची पानंही स्पर्धेत वेगवेगळ्या टेबलांवर त्याच बाजूला बसलेल्या जोड्यांना तीच मिळतात. उरते ती बोली. मेंढीकोटात तरबेज असलेल्या सेनगावच्या पोरांना ती कुणीतरी शिकवावी. चार पोरं आणि एक कॅट पुरे.