एकविसावा रकाना

शुक्रवार, १९ जुलै २०२४. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, मुंबईच्या फोर्टातल्या कचेऱ्या उघडत असताना, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीची एक लहानशी फाइल जगभरातल्या विंडोज संगणकांत उतरू लागली. पडदे निळे पडले. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने चूक दुरुस्त केली. अवघी ७८ मिनिटं! तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, आणि त्यांतल्या कित्येकांना उठायला पुढचे काही दिवस लागले.

असं का, हे कळायला संगणक जागा कसा होतो ते पाहावं लागतं. ते मला आजही थक्क करतं. बटण दाबलं तेव्हा प्रोसेसरला डिस्क, पडदा, कीबोर्ड यांतलं काहीही ठाऊक नसतं. ठाऊक असतो तो फक्त एक ठरलेला पत्ता. तिथली पहिली सूचना तो वाचतो आणि मदरबोर्डवरच्या चिपमधलं फर्मवेअर कामाला लागतं. ते बूटलोडर शोधतं, बूटलोडर कर्नलला मेमरीत आणतो, मग कर्नल ड्रायव्हर उभे करतो. सुरक्षेचा ड्रायव्हर या रांगेत पुढे असतो, कारण घातक प्रोग्रामच्या आधी तो हजर हवा. नेटवर्क बरंच मागे. हा ड्रायव्हर चुकला की डेटा आणखी बिघडू नये म्हणून विंडोज मुद्दामच सगळं थांबवते. पुन्हा सुरू करा, पुन्हा तेच. दुरुस्त फाइल नेटवर्कवर तयार, पण नेटवर्क जोडलं जाईपर्यंत यंत्र टिकतच नाही! क्वचित नेटवर्क ही शर्यत जिंकायचं. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडवरच्या काही ग्राहकांनी तब्बल १५ वेळा रीस्टार्ट करून यंत्रं सावरली.

बाकी ठिकाणी यंत्रासमोर माणूसच बसायला हवा, हाती सूचनांचा कागद घेऊन. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या सूचना मोजक्या होत्या: सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीत जा, क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरातली ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल काढून टाका, रीस्टार्ट करा. पण रिकव्हरीतला काळा पडदा उघडतो तो ‘एक्स’ ड्राइव्हवर, कारण ती मेमरीत तात्पुरती उभी केलेली वेगळीच छोटी विंडोज असते. आधी ‘सी’वर जा, एवढी एक ओळ कागदावर नसेल तर माणूस भलत्याच डिस्कवर फाइल शोधत बसतो. डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर असेल तर त्याआधी ४८ अंकी किल्ली, प्रत्येक यंत्राची निराळी. शिवाय कंपनीने दिलेल्या वेळा यूटीसीतल्या: ४:०९ची फाइल सदोष, ५:२७ची निर्धोक. मुंबईत साडेपाच तास मिळवायचे. असा कागद जो नेमका करतो, त्याचं काम मला कर्नल लिहिणाऱ्याइतकंच मोलाचं वाटतं.

फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी सांगितलं की फक्त १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. दोन्ही शेअर बाजारही नेहमीसारखे चालू होते.

मूळ दोष क्राउडस्ट्राइकच्या ६ ऑगस्टच्या अहवालात आला. अशा फाइलींच्या साच्याच्या व्याख्येत माहितीचे रकाने २१ होते आणि प्रत्यक्ष कोड पुरवत होता २०. एकविसाव्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण होती तोवर तो कोणी तपासलाच नाही. त्या शुक्रवारच्या फाइलने पहिल्यांदा तिथली किंमत मागितली, आणि ड्रायव्हर यादीच्या हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला. आता रकान्यांची संख्या जुळते का, हे प्रोग्राम कंपाइल होतानाच तपासलं जातं.