शब्द आणि सत्ता (लेखांक ७) : बुलढाण्याच्या ताराबाईंनी मागितलेला जाब

गेल्या आठवड्यात आपण सिंदखेड राजाच्या जाधवांची कहाणी पाहिली. १६२९ मध्ये निजामशहाने लखुजी जाधवांना आणि त्यांच्या मुलांना दौलताबादला बोलावून दग्याने मारलं. तिथे सत्ता कोणाची, हे कोणाला विचारावं लागत नव्हतं. आज त्याच जिल्ह्यात, पण अडीचशे वर्षं पुढे, बुलढाण्याला जायचं आहे. इथली सत्ता कागदावर चालते. कचेरीचे हुकूम, कोर्टाचे निकाल, छापील वर्तमानपत्रं आणि जुन्या पोथ्या, असे तिचे कितीतरी कागद. त्या सगळ्या कागदांना एका बाईने एकच पुस्तक लिहून जाब विचारला. ती बाई म्हणजे ताराबाई शिंदे आणि पुस्तक ‘स्त्री-पुरुष तुलना’, साल १८८२.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. मालकी नावाला निजामाची, अंमल इंग्रजांचा. बुलढाण्याला डेप्युटी कमिशनरची कचेरी होती आणि तिथे ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हेडक्लार्क होते. बापूजी सत्यशोधक समाजाचे सभासद, जोतीराव फुल्यांच्या विचाराचे. लेकीला त्यांनी घरीच शिकवलं. मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजीचीही ओळख करून दिली. लग्न झाल्यावर ताराबाई माहेरीच राहिल्या, कारण नवरा घरजावई होता. मूलबाळ झालं नाही. त्यांच्या खासगी आयुष्याची खात्रीची माहिती एवढीच. मात्र सरकारी कागद कसा लिहितात, आरोप कसा ठेवतात आणि तो कसा खोडतात, हे ज्या घरात रोज बोललं जात असेल, तिथे ही मुलगी वाढली. पुस्तक वाचताना हे पानोपानी जाणवतं. रागाने पेटून लिहिलेलं असलं, तरी त्याची मांडणी एखाद्या फिर्यादीसारखी आहे.

निमित्त झालं सुरतेकडच्या एका खटल्याचं. विजयालक्ष्मी नावाची तरुण ब्राह्मण विधवा. तिला दिवस गेले, मूल झालं आणि लोकलज्जेपायी तिने ते मारलं. १८८१ मध्ये सुरतेच्या कोर्टाने तिला फाशी सुनावली. पुढे अपिलात फाशी रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि नंतर तीही कमी करण्यात आली. पण वर्तमानपत्रांत जो गदारोळ उठला, तो शिक्षेपुरता राहिला नाही. ‘पुणे वैभव’ने या एका बाईवरून साऱ्या स्त्रीजातीच्या वर्तनावर तोंडसुख घेतलं. एका विधवेचा गुन्हा, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात घराघरांतल्या सगळ्या बायका.

हे वाचून बुलढाण्याला बसलेल्या ताराबाईंनी लेखणी उचलली. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पुस्तक छापलं गेलं. प्रती ५००, किंमत ९ आणे. आपण मराठा घरात कोंडलेली, जगाचा अनुभव नसलेली बाई आहोत, असं त्या सुरुवातीलाच सांगतात. हा नम्रपणा फार पानं टिकत नाही. लगेचच त्या पुरुषांना थेट ‘तुम्ही’ म्हणून समोर बसवतात आणि शेवटच्या पानापर्यंत उठू देत नाहीत.

त्यांचा पहिला सवाल खटल्यातच दडलेला आहे. मूल झालं ते एकट्या बाईला झालं का? विधवेला नादी लावणारा पुरुष कोर्टात कुठेच दिसत नाही. त्याचं नाव निघत नाही, त्याची अब्रू जात नाही, तो उजळ माथ्याने गावात फिरतो. बाईला मात्र समोर दोनच वाटा: जन्मभराची बेअब्रू किंवा गुन्हा. ताराबाई मूल मारण्याचं समर्थन करत नाहीत. तिला त्या टोकाला कोणी आणलं, एवढंच त्या विचारतात. पुण्यात फुले दांपत्याने १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते हेच दुखणं ओळखून. फुल्यांनी उपाय उभा केला होता. ताराबाईंनी तो नाहीसा झालेला आरोपी शोधून काढला.

मग त्या पोथ्यांकडे वळतात. एका संस्कृत श्लोकात स्त्रीचे दोष एकामागून एक मोजले आहेत: ती संशयाचा भोवरा, साहसाचं घर, कपटाची खाण. एरवी असा श्लोक म्हटला की वाद मिटतो, कारण तो शास्त्राच्या तोंडून आलेला. ताराबाई तो घेतात आणि एकेक दोष सुटा करून विचारतात, हा तुमच्यात नाही का? कपट कोण जास्त करतं? लाच खाणारे, खोटे दस्त करणारे, दुसऱ्याच्या घरावर डोळा ठेवणारे कोण? बायकांवरच्या आरोपांची यादी पुरुषांच्या अंगणात जाऊन पडते.

सावित्रीचंही तसंच. नवऱ्याचे प्राण परत आणायला सावित्री यमाच्या मागे गेली, ही गोष्ट बायकांना कर्तव्य शिकवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ताराबाई विचारतात, बायकोसाठी यमाच्या दारापर्यंत गेलेला एखादा नवरा दाखवा. बायको गेली की दिवस-वार होतात न होतात तोच दुसरी नवरी शोधायला निघणारे मात्र हवे तेवढे सापडतील. नवरा मेला तर दोष बाईच्या नशिबाचा, मग बायको मेली तर दोष कोणाच्या नशिबाचा? विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक देणारा कायदा १८५६ मध्येच झाला होता. घराच्या उंबरठ्याच्या आत त्याला कोणी विचारत नव्हतं.

मला त्यांची सर्वांत धारदार पानं सुधारकांवरची वाटतात. शिकलेल्या पुरुषांनी कोट, बूट, पाटलोण सगळं घेतलं, खाणंपिणं बदललं, त्याने त्यांचा धर्म बुडाला नाही. बाईने जुन्या चालीतून बोटभर पाऊल बाहेर टाकलं की मात्र धर्म बुडतो. सभा भरतात, भाषणं होतात आणि घरची विधवा कोपऱ्यातच राहते. इंग्रजी राज्यामुळे मुलींना विद्येची वाट खुली झाली, हे ताराबाई मोकळेपणाने मान्य करतात. पण म्हणून सरकारचं कोर्ट किंवा देशी पुढाऱ्यांची सभा, यांपैकी कोणालाही त्यांनी बायकांच्या वतीने बोलायचा मक्ता दिला नाही.

याच १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झालं. रमाबाईंच्या मागे पंडिता ही पदवी होती, पुण्यात सभा होती, त्यांनी हंटर आयोगापुढे साक्ष दिली. इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिलने स्त्रियांच्या गुलामीवर १८६९ मध्ये ग्रंथ लिहिला, तेव्हा तो पार्लमेंटात बसून आलेला नामांकित तत्त्ववेत्ता होता. बुलढाण्याच्या या बाईला पदवी नव्हती, सभा नव्हती, पद नव्हतं. म्हणूनच तिचं बोलणं इतकं बेधडक असावं असं मला वाटतं. सांभाळायला काहीच नसलं की भीड कोणाची धरायची?

पुस्तकावर टीका झाली, आणि ती सत्यशोधकांच्या वर्तुळातूनही झाली. या चळवळीबद्दल मनापासून आदर असणाऱ्या माणसालाही हे वाचताना वाईट वाटतं. भटशाहीविरुद्ध लढणाऱ्यांनाही घरातल्या मालकीवर बोट ठेवलेलं सहन झालं नाही. त्या वेळी जोतीराव उभे राहिले. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्याच सहकाऱ्यांना सुनावलं.

त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. ५०० प्रती कुठे कुठे गेल्या, विसरल्या गेल्या. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुन्हा छापलं, तेव्हा ९३ वर्षं उलटली होती. १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅनलन यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि हे पुस्तक जगभरच्या विद्यापीठांत पोचलं.

पुढच्या आठवड्यात याच जिल्ह्यातल्या चिखलीला जाऊ. जोतीरावांचं चरित्र १९२७ मध्ये पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी लिहिलं. त्या काळात फुल्यांचं नाव घेणं पुण्यात अवघड असताना ते वऱ्हाडातून कसं लिहिलं गेलं, ते पाहू.