दाढेचा ठणका थांबला. पण दुखणे गेले का?

अकोला-वाशिम रस्त्यावरच्या मेडशीत रात्री दाढ ठणकू लागली की आधी लवंग दाबली जाते, कुणी तंबाखूची चिमूट ठेवतो, सकाळी मेडिकलमधून गोळी येते. दाताच्या डॉक्टरकडे जायचे म्हणजे मालेगाव, वाशिम नाहीतर अकोला. एक दिवसाची मजुरी बुडते. सोयाबीनची सोंगणी सुरू असेल तर दाढ आणखी मागे पडते. तीन-चार रात्री जागून काढल्यावर एके दिवशी ठणका आपोआप थांबतो. ‘बरे झाले, खर्च वाचला,’ असे घरात म्हटले जाते. रूट कॅनालची गरज नेमकी तेव्हाच असते आणि तेव्हाच ती विसरली जाते.

दाताचे वरचे कवच हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. दाताच्या मधोमध मात्र मऊ गर असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. लोक यालाच ‘नस’ म्हणतात. कीड म्हणजे अळी नव्हे. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते कवच झिजवते. थंड पाण्याची कळ क्षणात जात असेल, तोवर बहुधा साधे सिमेंट भरून भागते. जंतू गरापर्यंत पोहोचले की तो सुजतो. हात सुजला तर कातडी ताणते. दाताच्या भिंती ताणत नाहीत, त्यामुळे आत दाब वाढतो. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्त जास्त येते, म्हणून ठणका रात्रीचा. गरम चहाने कळ उठणे आणि ती बराच वेळ रेंगाळणे, ही गर वाचणार नसल्याची खूण.

शेवटी गर मरतो. मेलेली नस दुखत नाही, एवढाच त्या शांततेचा अर्थ. जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरत राहतात. काही महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, फुटते, पुन्हा येते. अँटिबायोटिक रक्तातून पोहोचते आणि मेलेल्या गरात रक्तच फिरत नाही. गोळ्यांनी सूज चार दिवस उतरते, मूळ जागचे हलत नाही.

रूट कॅनालमध्ये दात बधिर करून वरून छिद्र पाडतात, मुळांतील नळ्या बारीक कानशींनी साफ करतात, जंतुनाशक द्रावणाने धुतात आणि गटापर्चा भरून बंद करतात. गटापर्चा हा झाडाच्या चिकापासून मिळणारा पदार्थ. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारेच्या केबलींवर त्याचेच वेष्टण असे. दाढेला तीन-चार नळ्या असतात, म्हणून एक-दोन खेपा जास्त पडतात. नस काढल्याने डोळे अधू होतात, ही भीती निराधार आहे.

मग दाढ सरळ काढून का टाकू नये? दात मुळापर्यंत चिरला असेल, किंवा वर काही उरलेच नसेल, तर काढणेच योग्य. पण एरवी रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा खाली येतो, चावण्याची बाजू बदलते. सर्वांत जास्त नुकसान होते ते सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेचे. ती दुधाच्या दातांमागे गुपचूप उगवते, घरचे तिला दुधाची समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून किडू देतात. ती पडत नाही आणि तिच्या जागी दुसरी येतही नाही.

गालावर सूज आली तर बाहेरून शेक देऊ नये. मधुमेह असणाऱ्यांनी तर एक दिवसही थांबू नये. तोंड उघडेना, गिळता येईना, जिभेखाली किंवा हनुवटीखाली सूज आली, श्वास लागला, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा. अशी सूज श्वासाची वाट बंद करू शकते.

उपचार झाल्यावर ठणका नसतो, म्हणून अनेकजण कॅप बसवायला परत जातच नाहीत. आधीच किडीने पोखरलेली दाढ मग भाकरीच्या कडक पापुद्र्याने किंवा खारकेने दुभंगते आणि सगळा खर्च वाया जातो. पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे : कॅप धरून एकूण किती खेपा, किती पैसे? त्या तारखा सोंगणीच्या आधी उरकता येतात का, हेही तेव्हाच ठरवावे.